लायलने पुकारलेला डाव

लायल कोवाचिक आणि मी सात मोसम अमेरिकन फुटबॉलच्या एकाच बचावफळीत खेळलो आणि पुढे, मधली काही वर्षं सोडून, एकोणीस वर्षं एकत्र कोचिंग केलं. एवढ्या काळात सहा शहरं झाली. मुख्य कोचला काढलं की त्याच्या माणसांनाही निघावं लागतं, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. लायलला नवी जागा मिळाली की दोन दिवसांत माझा फोन वाजायचा आणि आम्ही पुन्हा बिऱ्हाड हलवायचो. माझी बायको लोरीन म्हणायची, "हॉरेस, तुझं लग्न नक्की कुणाशी झालंय ते एकदा ठरवून टाक बाबा."

खेळत होता तेव्हा लायल मधला लायनबॅकर होता. पुढच्या धिप्पाड गड्यांच्या मागे, बरोबर मधोमध त्याची जागा. समोरचा संघ रांगेत उभा राहिला की चेंडू हलण्याआधीच्या पाच-सात सेकंदांत तो त्यांचे पाय बघायचा, कोण कुठल्या टाचेवर झुकलाय ते बघायचा आणि ओरडून आम्हा दहा जणांना जागा नेमून द्यायचा. मी त्याच्या मागे पंधरा यार्डांवर असायचो. सगळे चुकले तर उरलेला शेवटचा माणूस मी. लायलमुळे माझ्यापर्यंत फारसं काही यायचं नाही.

पेन्सिल्व्हेनियातल्या नदीकाठच्या पोलादी गावातला तो. त्याचा बाप भट्टीवर होता. लायल कॉलेजात असतानाच ती भट्टी बंद पडली, त्यामुळे घरी परत जाऊन करायला काही नव्हतंच. अकरा मोसम तो डोकं पुढे घालून माणसांवर आदळत राहिला. त्या काळी डोक्याला बसलेले मार कुणी मोजत नसे. मार बसून गडी आडवा झाला की डॉक्टर बोटं नाचवून विचारायचे, "किती?" आम्ही सगळे दोन म्हणायचो, कारण ते नेहमी दोनच दाखवायचे. लायल म्हणायचा, "परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला आहे, नापास होणार कसा?"

साठी ओलांडली तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे बदलून झाले होते आणि मान वळायची बंद झाली होती. कुणी हाक मारली की तो अख्खा वळायचा, एखादं कपाट सरकवावं तसा. मीही काही वेगळा नाही. सकाळी पलंगावरून उठून मोज्यांपर्यंत पोचायला मला दहा मिनिटं लागतात.

हे घडलं ते आमच्या शेवटच्या शहरात, इरी सरोवराच्या काठी. मुख्य कोच ट्रेव्हर हॅली, वय वर्षं अडतीस. लायल त्याचा बचावाचा कोच आणि मी लायलच्या हाताखाली. सामन्याच्या दिवशी लायल मैदानाच्या कडेला उभा असायचा आणि मी वर काचेच्या खोलीत, दुर्बीण घेऊन. लायल जो डाव, म्हणजे कुणी कुठे उभं राहायचं ते, सांगेल तो एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये ऐकू जायचा, आमचा कप्तान जमारी ओडम याच्या. तो मग बाकीच्या दहांना सांगायचा. शिवाय लायलचा आवाज आम्हा चार-पाच कोचांच्या कानात यायचा. बस, तेवढेच.

त्या सप्टेंबरात लायलने मला विचारलं, "आई कशी आहे रे तुझी? अजून स्वतः गाडी चालवते?"

माझी आई जाऊन चार वर्षं झाली होती. जॉर्जियाच्या उन्हात तिची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांत लायल होता. मी म्हटलं, "बरी आहे." का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. समोरून माणसं येत होती, आम्हाला मीटिंगला उशीर झाला होता.

मग बारीकसारीक दिसायला लागलं. ज्याने आयुष्यात कधी कागदाकडे पाहिलं नाही त्याच्या हातातून आता डावांचा तक्ता सुटेना. मी वरून आपणहून सांगायला लागलो, "लायल, तिसरा प्रयत्न, सात यार्ड हवेत त्यांना. मला वाटतं घुबड." आणि लायल पुकारायचा, "घुबड." आमच्या त्या संघात सगळ्या डावांना पक्ष्यांची नावं होती, हॅलीची हौस. मी स्वतःची समजूत घालायचो की वर बसून दिसेल ते सांगणं हेच तर माझं काम आहे. मला वाटायचं, हे फक्त मलाच कळलंय आणि मी नीट सांभाळून नेतोय.

डिसेंबरातला सामना. सरोवरावरून बर्फ आडवं येत होतं. आम्ही चार गुणांनी पुढे, चाळीस सेकंद उरलेले, आणि पाहुणे आमच्या रेषेपासून नऊ यार्डांवर. त्यांचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न. हा अडवला की सामना आमचा. माझ्या दुर्बिणीवर वाफ धरली होती, ती पुसेपर्यंत लायलचा आवाज आला, शांत आणि खणखणीत.

"कंदील, डावीकडे तीन. ऐकलंस? कंदील, डावीकडे तीन."

आमच्याकडे कंदील नावाचा डावच नव्हता. कंदील, टिकाव, कोळसा ही नावं आमच्या जुन्या संघातली, तीस वर्षांपूर्वीची, आम्ही दोघं खेळत होतो तेव्हाची. मी बटण दाबून काही बोलणार तोच वेळ संपली. डाव सुरू करायची मुदत संपायच्या पंधरा सेकंद आधी हेल्मेटातला आवाज आपोआप बंद होतो.

खाली ओडमने क्षणभर बाकांकडे पाहिलं. मग तो वळला, दोन्ही हात हलवले, दोघांना मागे ढकललं, एकाला खेचून डावीकडे आणलं. ससाणा. मी असतो तर तोच लावला असता. चेंडू फेकला गेला, ओडमने उडी मारून तो बोटांच्या टोकांनी खाली पाडला, आणि सत्तर हजार माणसं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरांत लायलचा मोठा फोटो. म्हाताऱ्याने पाहुण्यांच्या निम्म्या वयाच्या कोचला कसं कात्रीत पकडलं वगैरे.

त्याच सकाळी सगळी बचावफळी सामन्याचं चित्रण बघायला बसली. अंधाऱ्या खोलीत तीस-एक माणसं, कुणी कॉफी घेऊन, कुणी गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून. सगळे खुशीत होते. शेवटचा डाव पडद्यावर आला तसा लायलने तो थांबवला.

"ओडम, उभा राहा."

ओडम उभा राहिला. सव्वासहा फुटी गडी.

"मी काय पुकारलं होतं?"

ओडमने पडद्याकडे पाहिलं.

"बोल ना. काल ओरडून घसा बसला का?"

"कंदील, कोच. डावीकडे तीन."

"आणि हे पडद्यावर काय दिसतंय? हा कंदील आहे?"

"नाही, कोच."

"मग? म्हाताऱ्याला काय कळतंय, असं वाटलं तुला?"

"नाही, कोच. माझी चूक."

"चेंडू हाताला लागला म्हणून वाचलास. नाहीतर आज तोंड दाखवायला जागा नव्हती. अकरा माणसं एका आवाजावर उभी राहतात, कळलं? जो तो आपलं डोकं चालवायला लागला की खेळ संपला."

पहिल्या रांगेत टाविटा बसला होता, आमचा सामोआ बेटांवरचा गडी, दाराएवढा रुंद. तो खुर्चीतून अर्धवट उठला. "कोच, पण त्याने तर—"

"गप बस, टाविटा," ओडम मान न वळवता म्हणाला. "चूक माझी आहे."

"बुधवारी सरावाला तू बदली गड्यांत," लायल म्हणाला. "बस खाली."

कंदील म्हणजे काय हे त्या खोलीत लायल सोडून फक्त मला माहीत होतं. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो होतो. साठ वर्षांचा माणूस मी, आणि बुटांकडे बघत होतो.

मीटिंग संपल्यावर मी ओडमला जिन्याजवळ गाठलं.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

त्याने आजूबाजूला पाहिलं. "ऑक्टोबरपासून, कोच. आधी एकदा लागोपाठ दोनदा तोच डाव सांगितला त्यांनी. मग एकदा नुसतंच 'चला पोरांनो' म्हणाले आणि गप्प. तेव्हा आम्ही ठरवलं. ते जे सांगतात ते मी ऐकतो. बरोबर असेल तर तेच, नसेल तर मी माझं लावतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"अकराही जण. बदली गडीसुद्धा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटत होतं, फक्त मलाच माहीत आहे."

ओडम भिंतीला टेकला. "मला दोन संघांनी हाकलून दिलं होतं, कोच. इथे आलो तेव्हा सकाळी सहाला हा माणूस त्या बदललेल्या गुडघ्यांवर वाकून मला पाऊल कसं टाकायचं ते दाखवायचा. रोज. त्यांना मी काय सांगू?" मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही सांगा. मित्र तुमचा आहे."

मी गाडीत जाऊन बसलो आणि लायलच्या बायकोला, मार्लीनला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "काय केलं त्याने?"

मी सांगितलं. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"जुलैपासून मी त्याच्या गाडीत उन्हापासून बचावाच्या पट्टीमागे कागद चिकटवलाय," ती म्हणाली. "स्टेडियमला जायचा रस्ता. त्याने तो पाहिला, पण काढला नाही. मीही विषय काढला नाही. तुझ्यापासून लपून राहावं म्हणून मी तुम्हाला जेवायला बोलवायचं बंद केलं, हॉरेस."

"मला वाटलं तू लोरीनवर रागावलीस."

"लोरीनवर कोण रागावेल!" ती हसली. "आजच सांग त्याला. मी सांगितलं तर म्हणेल, ही आता बिऱ्हाडं हलवून कंटाळली, म्हणून कायतरी काढतेय. आणि ते खोटंही नाही. तुझं ऐकेल तो."

दुपारी मी लायलच्या खोलीत गेलो. तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून हॅमचं सँडविच खात होता. पेपरात त्याचाच फोटो होता, त्यावर मोहरी सांडली होती.

"ये. अर्धं खातोस?"

"नको. लायल, कंदील हा डाव कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? आपला."

"आपला म्हणजे कुठला आपला?"

तो हसला. मी थट्टा करतोय असं वाटलं त्याला. मग मी हसलो नाही हे त्याने पाहिलं. समोरच्या फळ्यावर त्या मोसमातले सगळे डाव लिहिलेले होते, त्याच्याच अक्षरात. तो अख्खा वळला आणि वाचायला लागला. ससाणा, घुबड, बगळा, घार. ओठ हलत होते. खालपर्यंत गेला, पुन्हा वरून सुरुवात केली. मी उभाच होतो. मला बसायचं सुचलं नाही.

"कंदीलमध्ये तू कुठे असायचास?" त्याने फळ्याकडे बघतच विचारलं.

"तुझ्या मागे. जरा उजवीकडे."

"हो. बरोबर." मग म्हणाला, "म्हणजे त्या पोराला मी सगळ्यांसमोर..."

"हो."

"आणि तू तिथे बसून होतास."

"हो."

"कुत्र्या," तो अगदी हळू म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने सँडविच कागदात गुंडाळलं, नीट चारी कोपरे दुमडून. "किती दिवस?"

"मला सप्टेंबरपासून माहीत आहे. पोरांना ऑक्टोबरपासून. मार्लीनला जुलैपासून."

"मला मार्चपासून," लायल म्हणाला.

तो डोळे चोळत बोलत राहिला. मार्चमध्ये तो दुकानातून बाहेर आला आणि गाडी तिथेच सोडून आधीच्या शहरातलं घर शोधत चालायला लागला. तासाभराने लक्षात आलं की ते शहर तीनशे मैलांवर आहे. कुणाला न सांगता तो डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने चित्रं काढली डोक्याची, बरंच काही सांगितलं. "कागदावर लिहून द्या म्हटलं, नाहीतर विसरेन. हसला बिचारा. मी विनोद केला नव्हता." मग तो म्हणाला, "दमलो रे हॉरेस. खेळून एवढा कधी दमलो नव्हतो. रोज सकाळी उठून पाठ करायचं: आज वार कुठला, समोरचा संघ कुठला, तुझ्या बायकोचं नाव काय. आणि मग दिवसभर सगळ्यांसमोर सहज बोलतोय असं दाखवायचं."

"मग सोडलं का नाहीस?"

"सोडून काय करू? मला दुसरं काय येतं?"

मलाही दुसरं काही येत नाही.

संध्याकाळच्या सरावाआधी त्याने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. दिवे लावायला सांगितले. पुढे उभा राहिला आणि हातातला कागद आधी वाचून घेतला.

"सकाळी मी ओडमला बोललो ते चुकीचं होतं," तो म्हणाला. "कंदील नावाचा डाव तुम्हाला कुणी शिकवलेला नाही. तो मी शिकलो तेव्हा तुमच्यातले बहुतेक जण जन्मलेले नव्हते. माझं डोकं आता चालत नाही. तुम्हाला हे माहीत आहे, हे मला आज कळलं. ओडम, ससाणा बरोबर होता." त्याने कागद खिशात ठेवला. "तुझ्या जागी मी असतो तर कोचने सांगितलं म्हणून जे सांगितलं तेच लावलं असतं, आणि अकरा जणांना घेऊन बुडालो असतो. तू मोठा खेळाडू आहेस. झालं. चला, सरावाला."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, देवाची कृपा. ओडम पुढे आला आणि लायलच्या खांद्याला धरून उभा राहिला. टाविटा डोळे पुसत म्हणाला, "कोच, पण तुम्ही सांगायचात तेव्हा दहातले सात बरोबरच असायचे हां."

"सात?" लायल म्हणाला. "मग हॅलीपेक्षा बरा आहे की मी."

सगळे हसले. दारात हॅली उभा होता, तोही हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. नंतर त्याने आम्हा दोघांना खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"लायल, मोसमाचे दोनच आठवडे राहिलेत," तो म्हणाला. "तुम्ही नुसते हेडसेट घालून कडेला उभे राहा. हॉरेस वरून बोलतील. बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही."

"ट्रेव्हर, इतके दिवस मी दुसरं काय करत होतो?" लायल म्हणाला.

हॅलीने मान खाली घातली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही डोक्यावर टांगती तलवार होती, वय कमी एवढंच. "पत्रकारांना काय सांगू?" त्याने विचारलं.

"गुडघे गेले म्हणून सांग. ते तरी खरं आहे."

त्या आठवड्यात लायल रोज आला. डाव त्याने शिकवले नाहीत. ओडमला शेजारी बसवून तो समोरच्या संघाचे जुने सामने दाखवायचा आणि एकच गोष्ट विचारायचा, "ह्याची टाच बघ. आता हा कुठे जाईल?" कधी त्याच डावावर तिसऱ्यांदा विचारायचा. ओडम तिसऱ्यांदाही तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यायचा. शुक्रवारी लायलने खोलीतलं सामान भरलं. दोन खोकी झाली. फळा मी पुसला.

रविवारी त्याच्या जागी मी उभा राहिलो. खरं सांगतो, मला ते जमलं नाही. लायलला मी सव्वीस वर्षं बघत आलो होतो, पण मागून. आम्ही दहा गुणांनी हरलो, पुढचा सामनाही हरलो, आणि जानेवारीत हॅलीला काढलं. त्याच दुपारी मलाही पत्र आलं. लोरीनने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "चहा घेणार?"

लायल आणि मार्लीन त्याच्या नदीकाठच्या गावी गेले, त्याच्या बहिणीच्या शेजारी. मार्चमध्ये मी आणि लोरीन त्यांना भेटायला गेलो. ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार होते; त्यांत मांस वर्ज्य, मासा चालतो. त्या दिवशी गावातले सगळे अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला जमतात. लांबच लांब टेबलं, कागदी ताटल्या, लोणी घातलेल्या शेवया आणि कोबी. लायल बारीक झाला होता. मला बघून उठला, मिठी मारली, नाव बरोबर घेतलं. मग वाट अडवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याशी भट्टीबद्दल अर्धा तास बोलला, कुठल्या पाळीला कोण होतं, कुणाचा हात भाजला, सगळं बिनचूक. परत आला आणि लोरीनला विचारलं, "तुम्ही गाडीने आलात की विमानाने?" मासा संपेपर्यंत हे त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा लोरीन म्हणाली, "होडीने." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

परतताना मार्लीनने गाडी नदीकाठी थांबवली, पाणी बघायला. मी पुढे तिच्या शेजारी होतो, लायल मागे लोरीनजवळ.

"आता तू काय करणार?" लायलने मला विचारलं.

"जॉर्जियातल्या एका कॉलेजने विचारलंय. गडी लहान आहेत, पगारही बेताचा."

"जाशील?"

"लोरीन नको म्हणते."

"मी नको म्हटलेलं नाही," लोरीन म्हणाली. "आधी डोकं तपासून घे म्हटलं. त्याने अजून तारीख घेतलेली नाही."

मला वाटलं, लायल विचार करतोय. मी वळून पाहिलं तर तो झोपला होता, डोकं काचेला टेकून, तोंड जरासं उघडं. मार्लीनने आरशातून पाहिलं आणि गाडीचं इंजिन बंद केलं नाही, फक्त हीटर वाढवला.

"थांबू या जरा," ती म्हणाली. "हल्ली दिवसा झोप लागली की उठवत नाही मी. तुम्हाला घाई नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

नदीवरून कोळशाचा एक लांब तराफा सावकाश खाली चालला होता. आम्ही तिघं तो पुलापलीकडे जाईपर्यंत बघत बसलो. मग लोरीनने पर्समधून माझ्या डॉक्टरचा नंबर काढून माझ्या हातात दिला, आणि मी लायलला जाग येऊ नये म्हणून गाडीबाहेर जाऊन, वाऱ्याकडे पाठ करून, फोन लावला.